आठव्या सेकंदाचं गौडबंगाल: बोर्डावर रँडम आकडा काढताना या चुका टाळा

पंचगंगेकाठच्या एका गावात एका डीपीवर बसवलेले अकरा मोबाइल स्टार्टर, म्हणजे पंपाची मोटर आपोआप चालू करणाऱ्या पेट्या, मीच बनवले होते. लाइट आली की प्रत्येकानं १ ते १२० सेकंदांमधला कुठलाही आकडा काढायचा, तेवढं थांबायचं आणि मग मोटर चालू करायची, अशी योजना. मोटर थेट चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते; सगळ्या एकदम उठल्या तर फ्यूज टिकणार कसा? तिसऱ्याच दिवशी फोन आला, "ओ साहेब, तुमची यंत्रं ठरवून उठत्यात काय? समद्या मोटरी एकदमच!"

उद्यमनगरातल्या टेबलावर एक पेटी उघडून स्टॉपवॉच लावलं. आठवं सेकंद. वीज काढली, परत दिली. पुन्हा आठवं. चिप होती एटीमेगा ३२८पी, आणि मी सीड, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, दिलाच नव्हता. सीड नसला की तिच्या लायब्ररीतला रँडम पहिला आकडा कायम १६८०७ देतो. त्याला १२० नं भागा, बाकी ७, त्यात १ मिळवा: आठ. हिशेब चोख, पण रँडम कुठला आलाय त्यात!

यावर सगळे सांगतात तो उपाय मीही केला: मोकळ्या ॲनालॉग पिनवरचं (व्होल्टेज मोजणाऱ्या, काही न जोडलेल्या पायावरचं) रीडिंग सीड म्हणून घ्यायचं. टेबलावर झकास चाललं, कारण आजूबाजूला ट्यूबलाइट, सोल्डरिंग गन आणि पिनला चिकटलेली हातभर वायर होती. पत्र्याच्या पेटीत बोर्ड बसवल्यावर तीच पिन फिरून फिरून चार-सहा आकड्यांवरच यायला लागली. तशीही ती १० बिटांची. नशीब कितीही जोरावर असलं तरी १०२४ च्या वर पर्याय नाहीत.

मग वेळेकडे वळलो, आणि इथंच सगळ्यात जास्त माणसं फसतात. चालू झाल्यापासून किती मायक्रोसेकंद झाले, हा सीड घेतला तर काय होईल? तोच प्रोग्रॅम, तेवढ्याच सूचना, चिपला ठोके देणाऱ्या त्याच क्रिस्टलवर. आकडाही जवळपास तोच. बटण दाबणारा माणूस मध्ये असता तर गोष्ट वेगळी, पण रात्री दोनला लाइट येते तेव्हा बटण दाबायला कोण उभं असतंय?

दोन टायमर एकमेकांशी ताडून पाहणं ही त्याचीच पुढची आवृत्ती. टायमर शून्य आणि टायमर एक दोन्ही त्याच १६ मेगाहर्ट्झवर चालतात. उसाच्या गाडीची एकाच आखावरची दोन चाकं मोजून फरक शोधण्यासारखं आहे ते. घड्याळं खरोखर वेगळी हवीत. या चिपमध्ये वॉचडॉगला, म्हणजे अडकलेला बोर्ड रिसेट करणाऱ्या राखणदार टायमरला, स्वतःचा १२८ किलोहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर (रेझिस्टर-कपॅसिटरवरचं साधं घड्याळ) असतो आणि तो क्रिस्टलला विचारत नाही. वॉचडॉगला १६ मिलिसेकंदांच्या इंटरप्टवर (चालू काम थांबवून दिलेल्या हाकेवर) लावा आणि प्रत्येक इंटरप्टला टायमर एकचा फक्त खालचा बाइट उचला. असे ३२ बाइट जमवून घुसळले की साधारण अर्ध्या सेकंदात एक बरा सीड हाती येतो.

तरीही तेच तेच आकडे दिसत असतील तर आधी टायमर एकचा प्रीस्केलर, म्हणजे घड्याळाचे ठोके भागून टायमर संथ करणारा आकडा, बघा. माझा १०२४ वर राहिला होता. म्हणजे एक टिक ६४ मायक्रोसेकंदांची. एवढ्या जाड मापात घड्याळाची थरथर दिसणार कशी? प्रीस्केलर काढला की टिक ६२.५ नॅनोसेकंदांची होते आणि खालचे बिट हलायला लागतात. काम झाल्यावर वॉचडॉग परत रिसेट मोडवर टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर बोर्ड अडकला तर त्याला उठवणारं कुणी उरत नाही.

आरसीचा वेग तापमानानं आणि व्होल्टेजनं सरकतो. मे महिन्याच्या दुपारी पेटी तापली की सगळ्याच पेट्यांमधले आकडे बदलतात. ती रँडमनेस नव्हे, नुसती सरक. आपल्या कामाची फक्त दोन टिकांमधली बारीक थरथर.

माझी सर्वात लाजिरवाणी चूक तपासणीतली. घुसळलेले आकडे लॅपटॉपवर बघून मी खूश होतो. हॅशमधून, म्हणजे आकडे घुसळणाऱ्या सूत्रातून, १, २, ३ घातले तरी बाहेर रँडमच दिसतं! घुसळण्याआधीचे कच्चे बाइट बघा, तेही वीज तोडून-जोडून. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०१८ चं मानक हजार वेळा बंद-चालू करून प्रत्येक वेळी हजार नमुने घ्यायला सांगतं. मी आपोआप वीज तोडणारा-जोडणारा रिले लावून दोनशेवर थांबलो. मोटरच्या कामाला तेवढं पुरलं.

माहिती कुलूपबंद करणारी डिजिटल किल्ली बनवायची असेल तर मात्र पुरणार नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेट धुंडाळलं तेव्हा टीएलएस (इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणारी पद्धत) वापरणाऱ्या सुमारे ०.५ टक्के यंत्रांच्या आरएसए पद्धतीच्या खासगी किल्ल्या त्यांना काढता आल्या. त्यात बहुतेक राउटर आणि तसलीच छोटी उपकरणं होती; पहिल्यांदा चालू होताच, पुरेशी रँडमनेस जमण्याआधी त्यांनी किल्ल्या पाडल्या होत्या. अशा कामाला हार्डवेअर जनरेटर असलेली चिप घ्या. तिथंही मेख आहेच: ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपमध्ये जनरेटर असतो, पण वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद असताना, दुसरा स्रोत चालू केला नसेल तर, त्याचे आकडे खरे रँडम धरता येत नाहीत. बॅटरी वाचवायला रेडिओ बंद करून मग किल्ली बनवणारे प्रोग्रॅम मी स्वतः दुरुस्त केलेत. तिथं बदलायचा असतो तो फक्त क्रम: आधी किल्ली, मग रेडिओ बंद.