खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या भागात पाण्याजवळ कसं वागायचं

पाणी शांत दिसतंय म्हणजे मगर नाही असं अजिबात समजू नका, कारण तिचे डोळे, कान, नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे बाकी सगळी पाण्याखाली राहून ती आरामात तुमच्यावर नजर ठेवते, आणि जबड्यावरच्या बारीक सेन्सरमुळे पाण्यातली हलकीशी हालचालही तिला कळते. सुंदरबन, भितरकनिका, उत्तर ऑस्ट्रेलिया कुठेही जा, काठापासून निदान 5 मीटर लांब थांबा. सगळ्यात महत्त्वाचं, रोज त्याच जागी त्याच वेळी पाणी भरायला, मासे साफ करायला जाऊ नका प्लीज, ती सवय हेरते आणि दबा धरून बसते. रात्री तर नकोच. अंड्यांच्या सीझनमध्ये मादी घरट्याची राखण करते, तिकडे फिरकू पण नका.