मला कंटाळा आला ते आय ॲम बोअर्ड : इंग्लिशमधे भावना नीट कशी सांगायची

"मी जाम बोअर झालो", "ती कन्फ्यूज आहे", "मी खूप एक्साइट आहे" हे मराठीत सगळं चालतं, आपण ते शब्द शेपूट कापूनच घेतलेत. भानगड होते ती हेच मेलमधे किंवा इंटरव्ह्यूत इंग्लिशमधे सांगायचं असेल तेव्हा.

आधी मनातलं मराठी वाक्य बघा. "मला भीती वाटते", "मला कंटाळा आला", "मला अभिमान वाटतो", यात भीती, कंटाळा, अभिमान ही सगळी नामं आहेत आणि ती "मला" वाटतात नाहीतर येतात. इंग्लिशमधे बहुतेक वेळा "आय" पुढे येतो आणि भावनेचं होतं विशेषण: आय ॲम अफ्रेड, आय ॲम बोअर्ड, आय ॲम प्राउड. म्हणून "आय हॅव टेन्शन" नको, सरळ "आय ॲम वरीड" म्हणा.

आता शेपूट, म्हणजे इंग्लिश शब्दाच्या शेवटची अक्षरं, परत लावायचं. ज्याला वाटतं त्याला ईडी आणि ज्याच्यामुळे वाटतं त्याला आयएनजी, म्हणजे लेक्चर बोअरिंग आणि आपण बोअर्ड, मॅच एक्सायटिंग आणि आपण एक्सायटेड. "आय ॲम बोअरिंग" म्हणालात तर तुम्ही स्वतःच सांगताय की मी रटाळ माणूस आहे! पण सगळ्यांनाच आयएनजी लागत नाही हं, स्केअर्डच्या जोडीला स्केअरी येतो, स्ट्रेस्डच्या जोडीला स्ट्रेसफुल, डिलायटेडच्या जोडीला डिलाइटफुल. हे पाठच करावं लागतं, इलाज नाही.

मग जागा बघा. लुक, फील, साउंड यांच्यानंतर माणूस कसा आहे ते सांगायचं तर विशेषणच: "शी साउंड्स अँग्री". बोलली कशी ते सांगायचं तर क्रियाविशेषण: "शी स्पोक अँग्रिली". शेवटी एलवाय दिसलं की क्रियाविशेषण असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं, पण फ्रेंडली आणि लव्हली ही विशेषणं आहेत.

जोर द्यायला सगळीकडे व्हेरी लावू नका. व्हेरी टायर्ड ठीक, पण एक्झॉस्टेडमधे "खूप" आधीच आलेलं असतं, तिथे ॲब्सोल्यूटली चांगलं वाटतं, फ्युरियस आणि टेरिफाइडलाही तेच. (टेरिफाइड म्हणजे घाबरून गेलेला आणि टेरिफिक म्हणजे एकदम झकास, दिसायला सख्खे भाऊ, त्यामुळे जपून.)

प्रिपोझिशन शब्दाबरोबरच शिका: अफ्रेड ऑफ, प्राउड ऑफ, एक्सायटेड अबाउट. नुसता मराठी अर्थ बघून हे कळत नाही, त्यापेक्षा ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी उघडा, फुकट आहे, आणि अर्थाखालची उदाहरणं वाचा, माझ्या मते खरा माल तिथेच असतो.

प्रॅक्टिससाठी एका वेळी एकच शब्द घ्या आणि आजच्या दिवसावर त्याची सगळी रूपं वापरून वाक्यं करा. समजा फ्रस्ट्रेशन घेतला. क्रियापद: ट्रॅफिक फ्रस्ट्रेट्स मी. विशेषणं दोन: द ट्रॅफिक वॉज फ्रस्ट्रेटिंग, आय वॉज फ्रस्ट्रेटेड. नाम: आय शाउटेड इन फ्रस्ट्रेशन. मोठ्याने म्हणून बघा आणि मग ॲनॉयपासून पुढचा संच स्वतः करा.