ग्रुप क्लास एक दिवस बुडाला, तर?
ग्रुपमध्ये व्यायाम सुरू केला की सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. खरी गळती लागते ती एखादा दिवस बुडाल्यावर. मग ‘आता सोमवारपासूनच’ म्हणत अख्खा आठवडा जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मधे एखादा खाडा झाल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा दुप्पट व्यायाम करून भरपाई करू नका, फक्त पुढची बॅच गाठा. ग्रुपमधल्या एकाशी ठरवून ठेवा: येणार नसाल तर आदल्या रात्री मेसेज टाकायचा. ‘उद्या जमत नाही’ टाइप करताना बोट अडखळतंच! शेजारच्याशी स्पर्धा मात्र नको. धाप लागून बोलताही येईना, तर ट्रेनरकडे सोपा प्रकार मागा.