स्थलांतरित बाप आणि दत्तक मुलाची गुन्हेकथा कशी रचावी

अशी कथा लिहायला बसाल तेव्हा पिस्तुलापासून आरंभ करू नका. मुलाच्या कागदपत्रांपासून करा, कारण या नात्यातली माया आणि गुन्हा तिथेच एकमेकांत गुंततात.

न्यू जर्सीत स्थायिक झालेला, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला एक मराठी बाप घ्या. त्याने १९८१ साली जन्मलेले तान्हे मूल पुढच्या वर्षी पुण्याच्या अनाथाश्रमातून तिकडे नेले. त्या काळी आपले न्यायालय परदेशी नागरिकाला १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली सहसा केवळ पालकत्व देत असे, दत्तकविधान तिकडे गेल्यावर होई आणि त्यानंतर मुलाच्या नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागे. तो अर्ज बापाने केला नाही, हे आधीच ठरवून ठेवा. मात्र त्याचे कारण आळस असू नये. ते कागद हाताळताना आपण पोटचे नाही हे मुलाला कळेल, ही धास्ती मला सर्वांत खरी वाटते. पुढे तिथल्या नव्या कायद्याने २७ फेब्रुवारी २००१पासून अशा मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले, पण त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यातून वगळले. तुमचा नायक तेव्हा एकोणीस वर्षांचा असतो.

गुन्हा मोठा नको. गोदामातला माल लांबवणे पुरे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातल्या १९९६च्या दुरुस्तीनंतर चोरीला एक वर्षाची शिक्षा झाली, मग ती स्थगित का असेना, तरी नागरिक नसलेल्या माणसाची हद्दपारी होऊ शकते. गुन्हा कबूल करण्यापूर्वी वकिलाने अशिलाला हा धोका सांगितलाच पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पॅडिला खटल्यात ठरवले. म्हणून न्यायालयातला प्रसंग २००८मध्ये ठेवा, म्हणजे वकिलाचे मौन खोटे वाटणार नाही.

सर्वाधिक कष्ट या प्रसंगावर घ्या. न्यायाधीश वर्षाची शिक्षा सुनावून ती स्थगित करतात आणि मुलगा मागे वळून म्हणतो, "बाबा, सुटलो!" त्या क्षणी बापाच्या तोंडी कायद्याचे भाषण घालू नका. त्याला घरी जाऊन कपाटातला स्टीलचा डबा उघडू द्या, पुण्याच्या न्यायालयाचा जांभळा शिक्का असलेला आदेश बाहेर काढू द्या आणि मुलाच्या जन्मस्थळाची ओळ अंगठ्याने झाकून पाहू द्या. खोटा दाखला करून देणाऱ्या माणसाला तो पहिला फोन लावतो, तो त्याच रात्री.