जुन्या डीटीपी पीसीचा सी ड्राइव्ह व्हीएममध्ये कसा उतरवायचा

आमचा डीटीपीचा जुना पीसी विंडोज ७ वाला, त्यात पेजमेकर, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आणि कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका. हे सगळं नव्या मशीनवर परत इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका, सीडी सापडणार नाही आणि सापडलीच तर सिरीयल नंबरचा कागद गायब असतो, त्यापेक्षा अख्खा सी ड्राइव्हच उचलून व्हीएममध्ये, म्हणजे नव्या मशीनच्या आत प्रोग्रॅमने चालणाऱ्या नकली पीसीत, टाकायचा.

आधी कचरा काढा. डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामी करा, हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून पीसी झोपवणं) बंद करा, कारण विंडोज ७ मध्ये त्याची फाइल रॅमच्या ७५ टक्के असते, म्हणजे ४ जीबी रॅम असेल तर ३ जीबी उगाचच अडकलेत. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला विंडोजचं कुलूप, असेल तर तोही काढा.

मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं डिस्क-टू-व्हीएचडी घ्या, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि विंडोज चालू असतानाच ड्राइव्हची कॉपी व्हीएचडी नावाच्या एका डिस्क-फाइलीत काढतं. त्यात व्हीएचडीएक्सची (व्हीएचडीचा नवा प्रकार) टिक काढायची, शॅडो कॉपीची ठेवायची, आणि फक्त सी नाही तर सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचं १०० एमबीचं पार्टिशनपण सिलेक्ट करायचं, बरेच जण इथेच फसतात, बूटच्या फाइली त्यात असतात, ते सोडलं तर व्हीएम सुरूच होणार नाही. डी ड्राइव्हची टिक काढा, त्यातल्या पत्रिका तशाच पेनड्राइव्हवर जातील. फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा, ती एनटीएफएस हवी, फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही. आणि तयार झालेली फाइल त्याच जुन्या पीसीवर उघडून बघू नका हं, डिस्कची सिग्नेचर बदलते आणि मग बूटची बोंब.

नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज ७ ची व्हीएम करा, ३२ बिट की ६४ ते जुन्या पीसीवर बघून ठेवलेलं असू द्या, आणि नवीन डिस्क न बनवता ही व्हीएचडी जोडा. जुना पीसी साध्या बायॉसचा असेल तर ईएफआय (बूटची नवी पद्धत) बंदच ठेवा. सुरू करताच निळी स्क्रीन आणि शेवटी ७बी दिसलं तर घाबरू नका, डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळत नाहीये एवढंच, डिस्क साटावर असेल तर आयडीईवर टाका, आयडीईवर असेल तर साटावर. आमची आयडीईवर चालली.

आता डिस्कची फाइल बारीक करणं. डिलीट केलेल्या फाइलींचा डेटा डिस्कवर तसाच पडून असतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला वाटतं की ती जागा वापरात आहे, म्हणून व्हीएमच्या आत सिसइंटर्नल्सचंच एसडिलीट झेड ऑप्शन देऊन सी वर चालवा, ते रिकाम्या जागेत शून्य भरतं, वेळ खातं, चहा घेऊन या. मग व्हीएम बंद करून मीडिया मॅनेजरमधून डायनॅमिक व्हीडीआयमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची, लागेल तशी वाढणारी डिस्क-फाइल) कॉपी काढा आणि व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडच्या मॉडिफायमीडियमने कॉम्पॅक्ट करा. आत डिस्क मूळच्या आकाराचीच, म्हणजे समजा ५०० जीबीची, दिसेल, पण बाहेर फाइल साधारण वापरलेल्या जागेएवढीच राहते. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) मात्र हे सगळं झाल्यावरच घ्या.

विंडोज परत ॲक्टिव्हेशन मागू शकतं, पीसीबरोबर आलेलं लायसन्स असेल तर जास्तच. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) असेल तर व्हीएमच्या डिव्हाइसेस मेनूत यूएसबीमधून त्यावर टिक करा, प्रिंटर पोर्टवालं जुनं डोंगल असेल तर मात्र अवघड आहे. आणि विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय, तेव्हा व्हीएमचं नेटवर्क बंद ठेवा आणि फाइली शेअर्ड फोल्डरमधून काढा, त्यासाठी व्हीएमच्या आत व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स टाकावे लागतील.