भाजी चिरायच्या लाकडी फळीची निगा

आमची फळी सागाची आहे. जुनं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराची एक फळी सुताराकडे नेली आणि त्याने ती रंधून दिली. पहिल्याच जुलैत मी तिची वाट लावली. रोज धुऊन कडप्प्याच्या ओट्यावर आडवी ठेवत होते. वरची बाजू वाळायची, खालची तशीच ओली राहायची. महिन्याभरात पाठ काळी पडली, फळी वाकली आणि सुरी चालवली की डुगडुगायला लागली. रत्नागिरीच्या पावसात लाकूड आपोआप वाळत नाही, हे तेव्हा कळलं.

लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. दोन्ही बाजू सारख्या ओल्या आणि सारख्या कोरड्या झाल्या तर त्याची काहीच तक्रार नसते. म्हणून एकच बाजू वापरली असली तरी धुताना दोन्ही धुवायच्या. साबणाचा हात लगेच फिरवायचा, फळी पाण्यात बुडवून ठेवायची नाही, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही. मग सुती फडक्याने पुसून भिंतीला कडेवर उभी करायची, दोन्हीकडून वारा लागेल अशी. उन्हाळ्यात मे महिन्याच्या उन्हातही टाकू नका. भराभर वाळलं की टोकांना तडे जातात. टोकांकडे लाकूड आडवं कापलेलं असतं, त्यामुळे पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरतं.

वाकलेली फळी टाकून द्यायची घाई नको. खोलगट बाजू ओलसर फडक्यावर पालथी घालून एक रात्र ठेवा. ती बाजू जास्त वाळून आकसलेली असते, ओल मिळाली की सैलावते. सरळ झाली की उभी करून वाळवा. माझी दोन रात्रींत बरीचशी सरळ झाली, थोडा बाक अजून आहे.

तेलाबद्दल मात्र नीट सांगते, कारण चुका इथेच होतात. शेंगदाण्याचं, करडईचं तेल लावू नका, ते लाकडात खवट होतं आणि तो वास काकडीला लागतो. खोबरेल लवकर खवटत नाही, अडलं तर चालेल. मी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरते. त्याला वास नाही आणि ते खराबही होत नाही. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, म्हणजे तेल पातळ होऊन आत मुरतं. पूर्ण कोरड्या फळीला दोन्ही बाजूंनी, कडांना आणि टोकांना जरा सढळ हाताने चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं पुसायचं. नव्या फळीला लागोपाठ तीन-चार रात्री करा. पुढे कधी लावायचं ते फळीच सांगते. पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून डाग गडद झाला तर तेल हवं. मी पावसाआधी एकदा नक्की लावतेच.

जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, त्यामुळे तेही चांगलं. पण खाण्याचंच घ्या. रंगाच्या दुकानातल्या जवस तेलात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. आणि ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. सुकताना ते तापतं, आपोआप पेटूही शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

वरून मेणाचा हात दिला तर पावसात फार उपयोग होतो. एक भाग मधमाश्यांचं मेण, चार भाग तेच लिक्विड पॅराफिन. भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात धरायचं. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं.

कांदा-लसणाचा वास राहिला तर खडे मीठ पसरून अर्ध्या लिंबाने घासा, दहा मिनिटांनी धुवा. हळदीचा डाग कोवळ्या उन्हात अर्धा अर्धा तास ठेवला की फिका होतो, तेवढं ऊन चालतं. मासळीला वेगळी फळी ठेवा. आमच्याकडे तो प्रश्न येत नाही, सासूबाई बांगडे विळीवरच कापतात, पण विळीच्या पाटालाही हीच निगा लागते.

सुरीचे चरे खोल झाले की त्यांत ओल साठून बुरशी धरते. तेव्हा आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०, दोन्ही लाकडाच्या रेघांच्या दिशेनेच. ओल्या फडक्याने पुसलं की बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर २२० पुन्हा एकदा हलकेच फिरवा आणि त्याच रात्री तेल लावा.