कॅरिगीन: खडकावरून कापण्यापासून दुधात घट्ट होईपर्यंत

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे परगण्यात, कॉनेमारातल्या कार्नाच्या आसपास किंवा अ‍ॅरन बेटांवर, म्हणजे आयरिश अजून घरात बोलली जाते त्या गेल्टाख्त पट्ट्यात, कॅरिगीनची ओळख करून द्यावी लागत नाही. 'कॅरिग' म्हणजे खडक. खडकाला धरून वाढणारं, पंख्यासारखे फाटे फुटलेलं, लालसर जांभळं असं हे तळहातापेक्षा लहान समुद्री शेवाळ. ते उन्हापावसात पांढरं करून वाळवतात आणि दुधात उकळून थंडगार पुडिंग करतात. पुडिंग बिघडलं तर दोष बहुधा पातेल्यातला नसतो, आधी गवतावर वाळवताना केलेल्या घाईचा असतो.

कापणी एप्रिल ते सप्टेंबर. चांगलं कॅरिगीन ओहोटीच्या अगदी तळच्या रेषेवर असतं, त्यामुळे भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या, दिवसांत जाऊन उपयोग नाही, तिथवर पाणी उतरतच नाही. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येणारं उधाण धरा. आयरिशमध्ये त्याला 'राउर्ता' म्हणतात. गॉलवेच्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दुपारच्या सुमारास येते, ही सोयच म्हणायची. तरी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं, पाणी उतरेल तसं खाली सरकायचं आणि पाणी फिरलं की पाठ फिरवायची. पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. शिवाय तुमच्या मागच्या घळी आधी भरतात.

त्याआधी परवानगी. इथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर शेवाळ काढण्याचे हक्क पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांकडे आहेत. जवळच्या घरी विचारा. सुरुवात 'जिया ग्विच' या नमस्काराने करा. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं तरी चालतं.

सोबत कात्री, जाळीची पिशवी आणि घट्ट पकडीचे रबरी बूट. गावाचं सांडपाणी जिथं समुद्रात सुटतं तिथलं किंवा धक्क्यालगतचं शेवाळ घेऊ नका. फांदी बुंध्याच्या वर कापा, खडकाला चिकटलेली चकती तशीच राहू द्या. ओढून काढलं तर चकतीही उखडते, पुन्हा फुटवा येत नाही आणि वर बारीक खडे नि शिंपल्यांचा चुरा घरी येतो. एकाच खडकाला बोडकं करू नका.

शेजारीच एक जुळ्यासारखं शेवाळ दिसेल: कडा आत वळून पन्हळीसारख्या झालेल्या, अंगावर दाण्यांसारखे फोड. खऱ्या कॅरिगीनची पात सपाट असते आणि पाण्याखाली टोकांवर कधीकधी निळसर झळाळी दिसते. दोन्ही मिसळली तरी बिघडत नाही, दोन्ही कॅरिगीन म्हणूनच वापरतात.

आता खरं काम. घरी आल्याआल्या गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून वाळू, गोगलगायी, शिंपले काढा. मग आखूड गवतावर एकेरी थरात पसरा. ऊन लागलं की वाळतं. मग पुन्हा गोडं पाणी मारायचं, पुन्हा वाळू द्यायचं. अधूनमधून पावसाची सर आली तर पाणी मारायचे कष्ट वाचतात. दर फेरीला रंग उतरतो: जांभळ्याचा गुलाबी, गुलाबीचा फिक्कट साय. हवामानाप्रमाणे आठवडा किंवा जास्तही लागतो. रोज उलटा, नाहीतर खालची बाजू काळसर राहते. वारा असेल तर वर जुनं मासेमारीचं जाळं टाकून कडेला दगड ठेवा. दिवसभर झड लागली तर मात्र उचलून आत घ्या, कारण सतत भिजत राहिलं की ते बुळबुळीत होऊन कुजतं.

शेवटी पात बोटांत कडक लागायला हवी. मऊ आणि चिवट लागली तर मीठ राहिलंय. मीठ हवेतली ओल खेचतं आणि पिशवीत बुरशी धरते. एक किलो ओल्यातून साधारण 200 ग्रॅम वाळलेलं मिळतं. कागदी किंवा कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा.

पुडिंगसाठी 1 लिटर पूर्ण सायीच्या दुधाला 10 ग्रॅम पुरे. सैल मूठभर दिसतं आणि हात आणखी टाकायला शिवशिवतो. टाकू नका. जास्त झालं की पुडिंग रबरासारखं होतं आणि समुद्राचा वास मारतं. थंड पाण्यात 10 मिनिटं भिजवा, पाणी फेका, दुधात घालून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं ठेवा. अधूनमधून तळापासून ढवळा, दूध लागलं की सगळं वाया. पातीतला घट्टपणा आणणारा अंश गरम दुधातच सुटतो आणि दुधातल्या प्रथिनांशी जुळून थंड होताना धरतो, म्हणून पाण्यापेक्षा दुधात कमी शेवाळ पुरतं.

गाळणीतून गाळताना पळीच्या पाठीने दाबा. गाळणीच्या बाहेरच्या बाजूला दाट लगदा लोंबतो, तोच मोलाचा, तो खरवडून घ्या. गरम असतानाच दोन मोठे चमचे साखर आणि थोडा व्हॅनिला मिसळा. थंड बशीवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत थरथरत उभा राहिला तर जमलं. नाही धरला तर चिमूटभर कॅरिगीन घालून पुन्हा 10 मिनिटं उकळा. आंबट काही उकळताना घालू नका, घट्टपणा मोडतो. शिजवलेला रूबार्ब (आंबट देठांची भाजी) द्यायचा असेल तर वाढताना बाजूला द्या.

वाडग्यात ओतून दोन-तीन तास गार करा. गाळून उरलेला चोथा बटाट्याच्या वाफ्यात जातो.